आधीची सूचना रद्द समजावी

पहाटे पाच वाजून बारा मिनिटांनी उशाशी फोन थरथरला, तर ॲडमिन सर उठले असं समजावं. दूधवाला नंतर येतो, पेपरवाला त्याच्याही नंतर. 'सूचना क्र. ३४. सर्व सन्माननीय सदस्यांना कळविण्यात येते की, सहलीसाठी जमण्याचे ठिकाण वाशीम बसस्थानक नसून वाशीम रेल्वेस्थानक राहील. आधीची सूचना रद्द समजावी.' पाच वाजून एकोणीस मिनिटांनी सूचना क्र. ३५ : 'रेल्वेस्थानकाऐवजी बसस्थानक वाचावे. आधीची सूचना रद्द समजावी.' सात मिनिटांत जग होतं तिथे परत आलं. दोनशे सत्तेचाळीस मास्तरांची झोप तेवढी गेली.

हे सर तुमच्याही फोनात असतील. सोसायटीच्या ग्रुपात ते टाकी धुण्याच्या सूचना देतात, दहावीच्या बॅचच्या ग्रुपात स्नेहसंमेलनाच्या. पण या जातीचा अस्सल नमुना बघायचा तर शिक्षकांच्या ग्रुपात बघावा. तिथे सूचना देणाराही मास्तर आणि घेणाराही मास्तर. मास्तर माणूस आयुष्यभर सूचना देत आलेला असतो, घ्यायची त्याला सवय नसते.

आपले ॲडमिन सर वाशीम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत. वय पन्नाशीला टेकलेलं. खिशाला दोन पेन, एक निळा, एक लाल. लाल पेन सुट्टीच्या दिवशीही असतो, कारण चूक काय, रविवारीही सापडते. ग्रुपात कुणी 'सहली बद्दल' असं तोडून लिहिलं तर सर खाली नुसतं 'सहलीबद्दल' लिहून पुढे जातात. नाव सांगायचं कारण नाही. त्यांना आता नाव उरलेलंच नाही. घरीसुद्धा परवा 'ॲडमिन, येताना वांगी आणा' अशी हाक ऐकू आली म्हणतात.

हा ग्रुप जमला २०२० च्या उन्हाळ्यात. शाळांना कुलूप होतं आणि 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही मोहीम चालू होती. रत्नागिरीपासून गडचिरोलीपर्यंतचे मास्तर वेबिनारमध्ये भेटत होते. भेटत म्हणजे काय, एकमेकांच्या भिंती बघत होते. 'सर, तुमचा माईक बंद आहे' हे त्या काळातलं सर्वाधिक बोललं गेलेलं वाक्य. वेबिनार संपला की प्रश्नमंजूषा, प्रश्नमंजूषा संपली की ई-प्रमाणपत्र. त्या तीन-चार महिन्यांत महाराष्ट्रातल्या गुरुजींनी इतकी प्रमाणपत्रं मिळवली, की जागतिक पर्यावरण दिनापासून हात धुण्यापर्यंत असा एक विषय उरला नाही ज्यात ते प्रमाणित नव्हते. एका वेबिनारची लिंक बंद पडली आणि खोळंबलेल्या मंडळींना धरून ठेवायला सरांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. ग्रुपच्या नावात अर्थातच 'तंत्रस्नेही' हा शब्द होता. तो असावाच लागतो.

तेव्हा ग्रुपात २५६ पेक्षा जास्त माणसं मावत नसत. सरांनी २४७ वर दार लावलं. उरलेल्या नऊ जागा 'राखीव'. पुढे २०२२ मध्ये ही मर्यादा आधी ५१२ आणि मग १०२४ झाली, तेव्हा अनेकांनी सुचवलं, घ्या अजून माणसं. सर म्हणाले, "पट वाढवला की संच मान्यतेचा घोळ होते राजेहो." ज्यांनी पटावरून शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संच मान्यतेचा घोळ अनुभवलाय त्यांनी पुढे एक अक्षर काढलं नाही.

सहलीचं बीज पडलं ते जूनमध्ये. लोणार सरोवराचं पाणी एकाएकी गुलाबी झालं आणि फोटो देशभर फिरले. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांची ती करामत, असं शास्त्रज्ञांनी पुढे तपासून सांगितलं. बसाल्ट खडकात उल्कापातानं पडलेलं, जवळजवळ १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर त्याच वर्षी नोव्हेंबरात रामसर पाणथळींच्या यादीतही गेलं. कोकणातल्या एका मॅडमनी फोटो टाकून विचारलं, 'हे खरं आहे का?' सरांनी उत्तर लिहिलं, 'खरे आहे. रिसोडवरून पुढे गेले की लोणार. कोरोना संपला की सर्वांनी यावे.' माणसं अशी वाक्यं रोज लिहितात आणि विसरतात. सरांनी ते वाक्य शासन निर्णयासारखं मनावर घेतलं. पुढची साडेचार वर्षं ते त्याची अंमलबजावणी करत होते.

त्यांच्या बाजूनं एक गोष्ट मान्य करायला हवी. मोबाईलवर जमलेल्या मास्तरांनी प्रत्यक्ष भेटावं, यात वेडगळ काही नाही. 'एटीएम' म्हणून ओळखला जाणारा ॲक्टिव्ह टीचर्स महाराष्ट्र हा समूह असाच वाढला आणि त्याची राज्यस्तरीय संमेलनंही भरली. सरकारनं स्वतः 'शिक्षणाची वारी' काढून जिल्ह्याजिल्ह्यांतल्या उपक्रमी शिक्षकांना एका मांडवाखाली आणलं होतं. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या शाळेत बसून रणजितसिंह डिसले यांनी मुलांना पडद्यावरून देशोदेशी नेलं. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ जणांना देऊन टाकली. ती बातमी सरांनी ग्रुपात सहा वेळा टाकली. सातव्या वेळी खाली लिहिलं, 'ते मुलांना परदेशात नेऊ शकतात, आपण एकमेकांना वाशीमला आणू शकत नाही?'

नाहीच आणू शकले. कारणं ऐका.

२०२१ ची दिवाळीची सुट्टी ठरली. सरांनी एसटीची गाडी प्रासंगिक करारावर घ्यायची म्हणून आगारात चौकशी केली, किलोमीटरचा दर वहीत उतरवला, आणि एसटीचा संप सुरू झाला. तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. 'सूचना क्र. ९ रद्द समजावी.' २०२२ चं वर्ष सरांनी स्वतःच खाल्लं : समृद्धी महामार्ग उघडू द्या, म्हणाले, शेलूबाजारला उतरलं की झालं. महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा उघडला ११ डिसेंबरला, तोवर सगळ्यांच्या किरकोळ रजा संपलेल्या. मग ठरला १९ मार्च २०२३ चा रविवार. १४ मार्चला जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप लागला. गंमत बघा, साऱ्या महाराष्ट्रातले मास्तर एकाच वेळी मोकळे असण्याचा योग इतिहासात फार वेळा येत नाही. पण संपावरचा मास्तर सरोवराच्या काठी भजी खाताना फोटोत दिसला तर पेन्शन राहील बाजूला. सहल मोडली. संप २० तारखेला मिटला.

२०२४ चा २६ जानेवारी शुक्रवारी आला. शुक्र, शनि, रवि! सरांनी सूचना क्र. २१ चक्क ठळक अक्षरांत टाकली. राज्य मागासवर्ग आयोगाचं घरोघरचं सर्वेक्षण निघालं २३ जानेवारीला. दारोदार कोण फिरणार? गुरुजी. झेंडावंदन करून मंडळी मोबाईल घेऊन घराघरांत शिरली. सर स्वतः चार वाड्या करून रात्री आले आणि एका बोटानं लिहिलं, 'रद्द.' वाक्य पुरं करायचंही त्राण नव्हतं. त्यानंतर २६ एप्रिलला लोकसभेचं मतदान, २० नोव्हेंबरला विधानसभेचं. ते संपून श्वास घेतात तो ४ डिसेंबरला मुलं किती शिकली ते तपासणारं परख सर्वेक्षण. पंचांगात जेवढे मुहूर्त नसतील तेवढी अशैक्षणिक कामं असतात, आणि सरांचा प्रत्येक मुहूर्त नेमका एखाद्या कामावर जाऊन आपटे.

तारखेपेक्षा अवघड प्रश्न वेगळाच होता. तो पुण्याकडच्या एका तरुण सरांनी विचारला, निरागसपणे : 'वाशीमला बघण्यासारखं काय आहे?'

ग्रुपात सोळा मिनिटं शांतता. मग सरांचा व्हॉइस मेसेज आला, पाच मिनिटं चाळीस सेकंदांचा. सुरुवात अशी : "काहून राजेहो, वाशीमले काय नाही?" आणि मग वाकाटक. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन राजा असून प्राकृतात काव्य करणारा. त्याच वंशातला हरिषेण. अजिंठ्याचं सोळावं लेणं त्याच्या मंत्र्यानं, वराहदेवानं खोदवलं, तिथे शिलालेख आहे. "तुमी अजिंठा पाह्यलं असंल. ज्यायनं ते खोदलं ते आमच्या गावचे." इथे श्वास घेऊन सर राजशेखरावर आले. त्याच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लागतं ते याच वत्सगुल्म नगरात. "म्हंजे मराठीच्या मास्तरानं तरी वाशीमले याले पाहिजे. ते आपलं व्याह्याचं गाव हाय."

पुण्याकडच्या सरांनी अंगठा पाठवला.

मग यादी सुरू झाली. गावातलं अठराव्या शतकातलं बालाजी मंदिर. कारंजा लाड, नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. शिरपूरचं अंतरिक्ष पार्श्वनाथाचं मंदिर : पंथांच्या वादात १९८१ पासून मूर्तीपुढे कुलूप होतं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं २०२३ मध्ये उघडलं. 'लोक बेचाळीस वर्षे थांबले, आपल्याला एक रविवार थांबवत नाही', ही सूचना क्र. २६. मंगरूळपीर. पोहरादेवी. आणि लोणार. लोणारवर बुलढाण्याच्या एका मॅडमनी हरकत घेतली, ते आमच्या जिल्ह्यात आहे, वाशीमच्या सहलीत घुसवू नका. सरांनी विचारलं, "उल्का पडली तवा जिल्हा परिषद होती काय?" हा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

पूर्वेला पोहरादेवी आणि पश्चिमेला लोणार हे एका दिवसात कसं बसवायचं, हेही अनुत्तरितच होतं. पण सरांनी तासिकांचं वेळापत्रक आखलं होतं, त्यात सगळं बसलं. वेळापत्रकात काय, सगळंच बसतं.

आता फॉर्म. शाळेची सहल काढायची म्हणजे केवढा कागद लागतो हे मास्तरांना सांगायला नको : परवानगी, यादी, हमीपत्र, पालकांचं संमतीपत्र, सोबत महिला शिक्षक. सरांनी आयुष्यात तेवढीच एक सहल काढलेली, वर्षानुवर्षं, मुलांची. तोच नमुना त्यांनी गूगल फॉर्मवर चढवला आणि 'विद्यार्थी' हा शब्द बदलून 'शिक्षक' केला. 'पालक' मात्र बदलायचा राहिला. त्यामुळे निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या एका मुख्याध्यापकांना 'पालकाची सही' हा रकाना भरावा लागला. त्यांनी बायकोची सही घेतली. तिनं शेरा मारला, 'पाठवत आहे. पाण्याजवळ जाऊ देऊ नये.'

फॉर्मवर शंका आल्या. ऑन ड्यूटी दाखवता येईल का? कुटुंब चालेल का? कुटुंब म्हणजे किती? चतुर्थी असेल तर फराळाची सोय? आणि सगळ्यांत जास्त वेळा आलेली : सहभाग प्रमाणपत्र मिळेल का? सर म्हणाले, मिळेल. त्या एका उत्तरावर संख्या ६४ वरून ११८ वर गेली.

वर्गणी सातशे रुपये, क्यूआर कोडवर. एका सरांनी 'जातात का बघायला' एक रुपया पाठवला. त्या एका रुपयाची रीतसर पावती त्यांना मिळाली, उरलेल्या सहाशे नव्याण्णवांची वाट पावती पुस्तक अजून बघत आहे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, म्हणून मॅडम लोकांनी साडेतीनशेच देणार म्हणून सांगितलं. करारावरची गाडी किलोमीटरवर असते, माणसावर नसते, हे समजवायला सूचना क्र. ३९ ते ४३ खर्ची पडल्या. व्हॉट्सॲपवर मतदानाची सोय आल्यावर सरांना वाटलं, आता लोकशाही मार्गानं तारीख ठरवू. तिथे बाराच पर्याय देता येतात. सरांकडे चौदा तारखा होत्या. त्यांनी दोन मतदानं लावली. दोन्हीकडे वेगवेगळ्या तारखा जिंकल्या. 'दोन्ही निकाल रद्द समजावेत.'

सरांना हसणं सोपं आहे. पण ही भाषा त्यांनी घरी शोधून काढलेली नाही. मास्तरकीच्या पंचवीस-सव्वीस वर्षांत त्यांच्याकडे जे जे वरून आलं ते याच सुरात आलं. २०२३ मध्ये पाठ्यपुस्तकात वहीची कोरी पानं आली, मुलाच्या पाठीवरचं ओझं कमी व्हायचं होतं. २०२५ च्या सुरुवातीला ती पानं काढायचं ठरलं. राज्यभर एकसारखा गणवेश वरून यायचा ठरला. वर्ष संपायच्या आत, डिसेंबर २०२४ मध्ये, गणवेश पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीनं घ्यावा असं ठरलं. दर वेळी मास्तरानं गावात जाऊन आधी एक सांगायचं, मग दुसरं. ज्याला आयुष्यभर शुद्धिपत्रकंच वाचायला मिळाली तो प्रेमपत्रसुद्धा 'वाचावे' आणि 'समजावे' अशा थाटातच लिहिणार. आणि जिल्ह्याचं म्हणाल तर तो स्वतःच एक सुधारित सूचना आहे. इंग्रजांच्या काळात बासिम नावाचा वेगळा जिल्हा होता, तो १९०५ मध्ये मोडून बराचसा अकोल्यात घातला. मग १ जुलै १९९८ रोजी, त्र्याण्णव वर्षांनी, अकोल्यातून काढून पुन्हा वाशीम जिल्हा केला. आधीची सूचना रद्द.

शेवटी तारीख लागली. २०२५ चा फेब्रुवारी. १५ तारखेला बंजारा समाजाचे संत सेवालाल महाराज यांची जयंती, पोहरादेवीला मुंगीलाही शिरता येत नाही, म्हणून एक रविवार सोडून २३ तारीख. येणार म्हणाले होते ११८, पैसे दिले ४१ जणांनी, शनिवारी रात्री 'घरी अचानक पाहुणे' आलेले १४, रविवारी सकाळी ताप चढलेले ५. बावीस जण आले. नांदेडकडचे पूर्णा-अकोला गाडीनं आले. कोकणातल्या मॅडम मुंबईमार्गे अकोल्याला उतरून दोन दिवसांचा प्रवास करून आल्या. दोघे पोरगेले सर मोटारसायकलवर निघाले होते. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे हे त्यांना नाक्यावर कळलं, ते जुन्या रस्त्यानं धुळीत न्हाऊन पोचले. बसस्थानकावर जमायचं होतं. तिघे रेल्वेस्थानकावर उभे होते. त्यांनी सूचना क्र. ३४ वाचली होती, ३५ नाही.

साडेसातची गाडी नऊ चाळीसला हलली. सरांच्या हातात चुना-मातीच्या डागांची एक लांबट कापडी पिशवी होती आणि गळ्यात शिट्टी. प्रत्येक थांब्यावर शिट्टी, मग मोजणी. मोजणी एकवीस भरायची आणि घबराट व्हायची, कारण सर स्वतःला मोजत नसत. हा घोळ चार वेळा झाला. पाचव्या वेळी गाडीतूनच सगळे ओरडले, "तुम्ही, सर, तुम्ही!"

पोहरादेवीला दुपार झाली. बंजारा समाजाची ही काशी. तिथलं नंगाऱ्याच्या आकाराचं संग्रहालय ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते उघडलं. सरांनी तिथे माहिती सांगायला तोंड उघडलं आणि मंडळींनी मनातल्या मनात घड्याळ लावलं. पण सर थोडकंच बोलले. सेवालाल महाराजांची समाधी दाखवली, आरसे लावलेल्या घागऱ्यापुढे थांबून म्हणाले, "माझ्या वर्गातल्या पोरीयच्या आज्या असे घालतात," आणि पुढे गेले.

जेवण शाळेत होतं. हे वेळापत्रकात नव्हतं. तिथे 'मार्गावर योग्य ठिकाणी भोजन' एवढंच होतं.

तांड्याच्या टोकाला दोन खोल्या, पुढे कडुनिंब, हातपंप. अंगणात गोवऱ्यांचे निखारे पसरलेले आणि त्यात रोडगे. गव्हाच्या जाडसर कणकेचे हे गोळे निखाऱ्यात भाजले की वरून काळपट, खरबरीत होतात. तांड्यातल्या दोन बाया ते बाहेर काढून फडक्यात घालून आपटत होत्या. राख झडली की हातानं फोडायचे, आत वाफ, वर तुपाची धार, बाजूला वांग्याची भाजी आणि वरण. पुण्याकडच्या सरांनी सात रोडगे खाल्ले आणि वाशीमला बघण्यासारखं काय आहे हा प्रश्न परत विचारला नाही. पोरं कडुनिंबाखाली बसून या बावीस मास्तरांकडे बघत होती. एका मास्तराला बघून पळता येतं, बावीस असले की कुठे पळणार!

पट एकोणीस. त्यातली काही पोरं आईबापांसोबत ऊसतोडीला गेलेली. घरात गोरमाटी, सरांच्या तोंडी वऱ्हाडी, पुस्तकात तिसरीच मराठी. पहिलीच्या पोरासाठी सरांनी एक वही केली होती, लाल रेघेच्या एका बाजूला त्याच्या घरचा शब्द, दुसऱ्या बाजूला पुस्तकाचा : याडी, आई. बाटी, भाकर. वहीत खाडाखोड पुष्कळ होती. कुठेही 'रद्द' लिहिलं नव्हतं. चुकलेला शब्द पोरानंच दुरुस्त करून दिला असावा, अक्षर पोराचं होतं.

जेवणं झाल्यावर सरांनी त्या कापडी पिशवीतून मस्टर काढलं. शाळेत असतं ते, लांबट, लाल पुठ्ठ्याचं. "हजेरी," म्हणाले. मंडळी हसली, पण उठली. मास्तराला मस्टर दिसलं की हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जातो. बावीस जणांनी ओळीनं सह्या केल्या, काहींनी सवयीनं वेळही घातली. पान भरलं.

कोकणातल्या मॅडमना आपली सही मागच्या पानावर उमटली का बघायचं होतं, म्हणून त्यांनी पान उलटलं. हे शाळेचंच मस्टर होतं. सरांनी त्यातलं एक कोरं पान आजच्यासाठी काढलं होतं. मागे जानेवारी. रोजच्या रकान्यात एक सही, निळ्या शाईची. तिच्याखाली दुसऱ्या शिक्षकाची ओळ, आणि त्या ओळीत एकच शब्द : रिक्त. त्याच्या मागे डिसेंबर. एक सही, रिक्त. नोव्हेंबर. मॅडमनी आणखी पानं उलटली नाहीत. मस्टर मिटून सरांच्या हातात दिलं आणि विचारलं, "सर, डबा कुणाबरोबर खाता?"

"पोरं असतात ना," सर म्हणाले.

पहिली ते चौथी, चार वर्ग, एक खोली उघडी, दुसरीत पोषण आहाराचा तांदूळ. बाजूच्या खुर्चीवर कुणी बसलेलं नाही, पगाराबद्दल कुरकुरायला कुणी नाही, केंद्रप्रमुख येऊन गेल्यावर 'आज साहेब तापले होते' असं म्हणायला कुणी नाही. मग पहाटे पाच वाजून बारा मिनिटांनी कुठल्या तरी स्थानकाचं नाव बदलून बघायचं. कुणीतरी चिडून का होईना, 'सर, नेमकं कुठे?' असं लिहितंच. हे सगळं कुणी बोललं नाही. मुख्याध्यापकांनी, ज्यांच्या पालकानं पाण्याजवळ जाऊ देऊ नये म्हणून बजावलं होतं, त्यांनी हातपंपावर सगळ्यांची ताटं धुतली.

चार वाजले. लोणारला जायला उशीर झाला होता. सर शिट्टी हातात घेऊन उभे, वेळापत्रक काढलं, घडी घातली. पाणी आता तसंही गुलाबी नाही, हिरवं आहे, असं कुणीतरी म्हणालं. "मग राहू द्या," सर म्हणाले, "लोणार पुढच्या टायमाले. आधीची सूचना..." आणि उरलेल्या एकवीस जणांनी पाढा म्हणावा तसं एका सुरात ते वाक्य पुरं केलं. कडुनिंबाखालची पोरंही म्हणाली. त्यांना ते पाठ होतं.

प्रमाणपत्रं गाडीत वाटली. लोणार येथील अभ्यास सहलीत सहभाग घेतल्याबद्दल. छपाई आधीच झाली होती.

रात्री सव्वादहाला सरांनी मस्टरच्या भरलेल्या पानाचा फोटो ग्रुपात टाकला. खाली सूचना नव्हती, क्रमांकही नव्हता. आले नाहीत त्या दोनशे पंचवीस जणांपैकी बऱ्याच जणांनी लिहिलं, 'पुढच्या वेळी नक्की.' दुसऱ्या दिवशी सोमवार होता. पहाटे पाच वाजून बारा मिनिटांनी फोन थरथरला.

सूचना क्र. १ : लोणार सहल, तारखेसाठी मतदान. पर्याय बारा. आतापर्यंत नऊ जणांनी मत दिलंय, एकतीस जणांनी अंगठा दाखवलाय. तुम्ही त्या ग्रुपात असाल आणि मत द्यायचं राहिलं असेल, तर देऊन टाका. सर रात्री अकरापर्यंत जागे असतात.